हवा कोरडी, अर्थिंग ओलं: किटमधून सीएनसी प्लाझ्मा टेबल उभारताना

सीएनसी प्लाझ्मा टेबल म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमावर, विजेच्या आर्कने आणि दाबाच्या हवेने पत्रा कापणारं टेबल. कापणारं टोक ती टॉर्च, तिला वीज पुरवणारा डबा तो प्लाझ्मा सोर्स. १४ ऑक्टोबर २०२४ला किटची अर्धी रक्कम भरली. गिऱ्हाइकाला देण्यासारखा पहिला तुकडा टेबलावरून निघाला १९ एप्रिल २०२५ला. मधल्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष जोडणीचे दिवस मोजले तर अकरा भरतात. बाकीचा वेळ थ्री फेज, अर्थिंग आणि टॉर्चचा विद्युत गोंगाट यांनी खाल्ला, पुढे पावसाळ्यात हवेतल्या पाण्याने गाठलं, आणि यातलं काहीच किटच्या पुस्तिकेत धड दिलेलं नाही. म्हणून हे तारखांसकट लिहून ठेवतो. जागा गोव्याच्या फोंडा तालुक्यातली, चिऱ्याच्या भिंतीची, वर पत्रा असलेली शेड. काम ग्रिल, गेट, रेलिंग आणि ब्रॅकेटचं. पत्रा बहुतेक १.६ ते ६ मिमी.

आधी किटमध्ये काय होतं ते. गॅन्ट्रीसाठी (टॉर्च वाहून नेणारा आडवा पूल) ॲल्युमिनियमचं सेक्शन, २० मिमीच्या लिनिअर रेल आणि ब्लॉक, मॉड्यूल १ची (हे दातांचं माप) रॅक म्हणजे दातेरी पट्टी, ३:१ बेल्ट रिडक्शनसह पिनियन म्हणजे तिच्यावर फिरणारं दातेरी चाक, नेमा २३च्या चार मोटर (लांबीच्या दोन बाजूंना एकेक, गॅन्ट्रीवर एक, टॉर्च वरखाली करायला एक), चार ड्रायव्हर, ३६ व्होल्टचा पॉवर सप्लाय, यूएसबी कंट्रोल कार्ड, टॉर्चची उंची सांभाळणारा टीएचसी मॉड्यूल, तरंगता झेड (टॉर्च वरखाली नेणारा, टेकल्यावर थोडा सरकणारा भाग), लिमिट स्विच आणि ड्रॅग चेन (वायरी वाहणारी साखळी). नव्हतं ते असं: लोखंडी सांगाडा, पाण्याचा ट्रे, प्लाझ्मा सोर्स, मशीन टॉर्च, कॉम्प्रेसर, ड्रायर आणि कॉम्प्युटर. किंमत १,३८,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,६२,८४०. माल राज्याबाहेरून येणार आणि रक्कम ५०,०००च्या वर, त्यामुळे ई-वे बिल (माल वाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन दाखला) लागतं. ते पाठवणाराच काढतो, पण आपला जीएसटी क्रमांक आणि शेडचा पत्ता इनव्हॉइसवर तंतोतंत आहे का हे माल निघायच्या आधी बघून घ्या. माझ्या इनव्हॉइसवर पिनकोड चुकला होता. दुरुस्त इनव्हॉइस येईपर्यंत चार दिवस खोकी गोडाऊनमध्ये पडून राहिली.

२१ ऑक्टोबरला विजेचा लोड वाढवण्याचा अर्ज केला. ही तारीख किटच्या ऑर्डरच्या आधीची हवी होती. हिशेब साधा आहे. प्लाझ्मासाठी लोड व्होल्टेज ८० अधिक करंटच्या ०.४ पट धरतात. ६० अँपिअरला ते १०४ व्होल्ट होतं, म्हणजे आर्कवर ६.२ किलोवॅट, इन्व्हर्टरचा तोटा धरून आत साधारण ७.३ लागतात. ३ एचपीचा कॉम्प्रेसर २.२ किलोवॅट. ड्रायर, मोटर, पंखे, दिवे मिळून एक. बेरीज साडेदहा, मी १२ मागितले. आधीचा लोड होता ३ किलोवॅट, सिंगल फेज. मला मागितलेले कागद: अर्ज, ओळखपत्र, घरपट्टीची पावती, पंचायतीचा ना हरकत दाखला, ट्रेड लायसन्सची प्रत आणि परवानाधारक इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरचा टेस्ट रिपोर्ट. यातला टेस्ट रिपोर्ट मिळायला वायरिंग पूर्ण असावं लागतं, आणि वायरिंगला केबलची जाडी ठरवायला मशीनची नेमप्लेट लागते. म्हणून प्लाझ्मा सोर्स आधी घ्या, निदान त्याच्या नेमप्लेटचा फोटो तरी मागवा. डिपॉझिट, मेन स्विच, केबल, मजुरी धरून ३१,००० गेले. थ्री फेज मीटर लागला ९ जानेवारीला.

तोवर सांगाडा. ७५ बाय ७५ बाय ३ मिमीची चौकोनी ट्यूब, २२ मीटर, वजन सुमारे १५० किलो. कामाचं क्षेत्र १३०० बाय १३०० ठेवलं, कारण शेडमध्ये पूर्ण ८ बाय ४चं टेबल बसत नव्हतं. मात्र रेल दोन बाजूंनाच ठेवून पुढची आणि मागची बाजू, पत्रा ज्यांवर ठेवतात त्या पट्ट्यांच्या पातळीवर मोकळी सोडली. त्यामुळे २५०० मिमीचा पत्रा अर्धा कापून पुढे सरकवता येतो. सरकवण्याआधी पत्र्यावर दोन पंच मारायचे आणि सरकवल्यावर टॉर्चचं टोक त्याच दोन पंचांवर आणून बसवायचं. जोड अर्ध्या मिलिमीटरच्या आत येतो. ही सोय किटच्या नकाशात नाही. जागा कमी असलेल्यांनी ती जरूर करावी.

वेल्डिंगला घाई केली की सांगाडा पिळतो. सगळे कोपरे आधी टॅक करा (वेल्डचे छोटे ठिपके द्या), गुण्या लावा, मग समोरासमोरचे जोड आलटूनपालटून भरा. गुण्याच्या मापावर एवढ्या लांबीत भरवसा ठेवू नका, कर्ण मोजा. १३०० बाय १३००चा कर्ण १८३८.५ येतो. माझ्या दोन कर्णांत पहिल्यांदा ४ मिमी फरक होता. दोन टॅक ग्राइंडरने कापून परत घेतले. रेल थेट ट्यूबवर बसवू नका, कारण ट्यूबचा पृष्ठभाग कधीच सपाट नसतो. मध्ये १० मिमीची पट्टी टाका, ती बोल्टवर वरखाली होईल अशी ठेवा, पाणसळीने आणि ताणलेल्या दोऱ्याने सरळ करा. बारीक फरकाला शिम म्हणून कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा चालतो. तो सुमारे ०.१ मिमी असतो.

किट २ डिसेंबरला आलं. ९ ते १९ डिसेंबर जोडणी. इथे दोनच गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. रॅकचे दोन तुकडे जोडताना सांध्यावर तिसरा तुकडा उलटा दाबून धरा आणि मग बोल्ट आवळा, नाहीतर सांध्यावर दातांचं अंतर चुकतं आणि प्रत्येक कापात त्याच जागी खाच येते. आणि पिनियन रॅकवर दाबताना मध्ये साध्या कागदाची पट्टी ठेवा. कागद काढल्यावर जी फट राहते ती पुरेशी असते. फार घट्ट दाबलं तर मोटर घरघरते, सैल ठेवलं तर गोल भोक अंडाकृती येतं.

पल्सचं गणित (मिलिमीटरमागे मोटरला किती विद्युत ठोके द्यायचे ते) हाताने करून ठेवा. २० दातांचा मॉड्यूल १ पिनियन, परीघ ६२.८३ मिमी, ३:१ रिडक्शन, म्हणजे मोटरच्या एका फेऱ्यात २०.९४४ मिमी. ड्रायव्हर २००० पल्स प्रतिफेरीवर, म्हणून ९५.४९३ पल्स प्रति मिमी. १००० मिमी चालवून स्टीलच्या टेपने मोजलं तर ९९९.२ आलं, ९५.४९३ गुणिले १००० भागिले ९९९.२, म्हणजे ९५.५६९. दोन्ही बाजूंच्या मोटरना वेगळे होम स्विच द्या, म्हणजे मशीन चालू करताना गॅन्ट्री आपोआप काटकोनात येते.

आता अर्थिंग. टेबलाला स्वतःचा अर्थ रॉड हवा, आणि तो टेबलाजवळच हवा. टेबलाचा सांगाडा, प्लाझ्मा सोर्सची बॉडी, कंट्रोल बॉक्सची बॉडी, सगळ्यांच्या वायरी एकाच बिंदूवर येऊन तिथून रॉडला जायच्या, एकातून दुसऱ्याला असं फिरवायचं नाही. हा रॉड इमारतीच्या अर्थिंगला एका ठिकाणी जोडलेला असायलाच हवा. दोन अर्थिंग एकमेकांपासून तुटक ठेवणं जिवावर बेतू शकतं. कागदावर हे सोपं आहे. आपल्याकडे खाली चिरा लागतो. अडीच मीटरचा तांब्याचा मुलामा दिलेला रॉड ठोकायला घेतला आणि पाऊण मीटरवर तो थांबला. वायरमन म्हणाला, "दादा, ही माती नव्हे, मुळाक सगळो चिरो." शेवटी खड्डा खणून रॉड उभा केला, भोवती बेंटोनाइट भरलं. अर्थ टेस्टरवर पहिलं माप आलं १४ ओहम. चिरा पावसात स्पंजासारखा पाणी धरतो, पण जानेवारीनंतर वाळून खडखडीत होतो आणि वाळलेल्या जमिनीचा रोध वाढतो. खड्ड्याच्या वर कुंडी बांधली, पीव्हीसीचा भोकं पाडलेला पाइप रॉडलगत सोडला, आठवड्याला दोन बादल्या पाणी. तीन आठवड्यांत माप ३.६वर आलं. उन्हाळ्यात ही कुंडी विसरलात तर मशीन का बिघडलं याचा शोध कॉम्प्युटरमध्ये घेत बसाल.

प्लाझ्मा सोर्स ६० अँपिअरचा, थ्री फेज, सरळ मशीन टॉर्चसह ६८,०००. इथे माझा निर्णय चुकला. मी एचएफ स्टार्टचा सोर्स घेतला, कारण हवेच्या दाबाने आर्क सुरू करणारा, म्हणजे ब्लोबॅक स्टार्टचा, १५,०००नी महाग होता. एचएफ स्टार्टमध्ये आर्क पेटवायला हजारो व्होल्टची उच्च वारंवारतेची ठिणगी टाकतात. हाताने कापताना त्याचं काही वाटत नाही. सीएनसीवर ती ठिणगी जवळच्या प्रत्येक वायरीत शिरते.

१८ जानेवारीला टॉर्च न पेटवता वीस फेऱ्यांचा प्रोग्रॅम चालवला. मशीन बरोबर शून्यावर परत आलं. १९ला टॉर्च पेटवली आणि पहिल्याच पिअर्सला (आर्कने पत्रा भेदताना) यूएसबी तुटलं, स्क्रीन गोठली, गॅन्ट्री जागच्या जागी उभी आणि टॉर्च जळत राहिली. म्हणून आणीबाणीचं बटण असं जोडा की ते कॉम्प्युटरला न विचारता टॉर्चच्या स्टार्ट वायरीचा आणि ड्रायव्हरचा संपर्क थेट तोडेल. सॉफ्टवेअरमधलं लाल बटण अशा वेळी नुसतं चित्र असतं.

पुढचे दहा आठवडे उपाय एकेक करून बघितले. एका वेळी एकच बदल आणि प्रत्येक बदलानंतर ५० पिअर्सची चाचणी. सुरुवातीला ५०त ३१ वेळा यूएसबी तुटत होतं. वायरींवर फेराइटचे मणी चढवले: २९. मोटरच्या वायरी शिल्डेड घेतल्या आणि शिल्ड फक्त कंट्रोल बॉक्सच्या टोकाला अर्थ केलं (दोन्ही टोकांना केलं तर शिल्डमधूनच करंट फिरतो): २२. सोर्स कंट्रोल बॉक्सपासून तीन मीटर दूर नेला: १८. वर्क क्लॅम्प (करंट सोर्सला परत नेणारा चिमटा) सांगाड्यावरून काढून पट्ट्यांच्या चौकटीला जोडला: १५. मग लक्षात आलं की टॉर्चची जाड केबल मोटरच्या वायरींसोबत एकाच ड्रॅग चेनमधून जाते. किटच्या फोटोतही तसंच आहे. टॉर्चची केबल वरून तारेला टांगली, मोटरच्या वायरींपासून किमान ३०० मिमी लांब: ४. यूएसबीवर यापुढे जाणं नाही. जिला ५०त ४ वेळा पडायची सवय आहे त्या वस्तूवर ४,०००चा पत्रा लावायचा नसतो.

म्हणून कार्डच बदललं. लिनक्ससीएनसी हे मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, त्यातला प्लाझ्मासाठीचा क्यूटीप्लाझ्मासी हा भाग, मेसा कंपनीचं ७आय९६एस इथरनेट कार्ड आणि आर्क व्होल्टेज मोजायला टीएचकॅड. कार्ड परदेशातून आलं. कुरियरने केवायसीसाठी आधार, पॅन, जीएसटी क्रमांक आणि धंद्याच्या नावावर माल असल्याने आयईसी (आयात-निर्यात क्रमांक) मागितला. आयईसी डीजीएफटीच्या (केंद्राचं परदेश व्यापार खातं) पोर्टलवर घरबसल्या निघतो, फी ५००. मात्र पॅनवरचं नाव, बँक खात्यावरचं नाव आणि अर्जातलं नाव अक्षरशः एक हवं. ड्यूटी धरून ३८,००० पडले. ५ एप्रिलला जोडलं. ५०त शून्य, दुसऱ्या ५०तही शून्य.

एक इशारा. आर्क व्होल्टेज घेण्यासाठी सोर्स उघडावा लागला तर वीज बंद करून कपॅसिटर उतरेपर्यंत थांबा आणि मीटरने मोजून मगच हात घाला. आर्क नसताना तिथे २५० ते ३०० व्होल्ट डीसी असतात. ज्या सोर्सला मागे सीएनसी पोर्ट आणि ५०:१ डिव्हायडर असतो तिथे ११० व्होल्टचे २.२ होऊन मिळतात आणि हा धोका टळतो. पैसे असतील तर तोच सोर्स घ्या.

टॉर्चची उंची हा या सगळ्या यंत्राचा गाभा आहे, कारण उष्णतेने पत्रा उठतो. आधी टॉर्च पत्र्याला टेकते, स्विच दबतो, तिथून ३.८ मिमी वर जाऊन पिअर्स, मग १.५ मिमीवर उतरून काप. तरंगत्या झेडमध्ये टॉर्च टेकल्यापासून स्विच दबेपर्यंत माझ्याकडे २.३ मिमी जातात. हे फीलर गेजने मोजून सॉफ्टवेअरला सांगावं लागतं. १ मिमीचा पत्रा या दाबाने खाली वाकतो आणि उंची चुकते, म्हणून पट्ट्या दाट ठेवा. टॉर्चच्या टोकातून विद्युत स्पर्श ओळखणारी ओमिक पद्धत जास्त अचूक, पण पाण्याच्या टेबलावर टोक ओलं झालं की ती हवेतच "पत्रा लागला" म्हणते.

काप सुरू झाल्यावर उंची व्होल्टेजवरून कळते. माझ्याकडे १.५ मिमीवर ११२ व्होल्ट, २.५वर ११९. तुमचे आकडे वेगळे येतील. टीएचसी बंद ठेवून तीन उंचींवर सरळ काप घ्या आणि आकडे भिंतीवर लिहा. कोपऱ्यात वेग कमी होतो, काप रुंदावतो, व्होल्टेज चढतं, आणि टीएचसीला वाटतं टॉर्च वर आहे. तो तिला खाली दाबतो आणि टोक पत्र्यात घुसतं. ठरवलेल्या वेगाच्या ९० टक्क्यांखाली टीएचसी गोठवायचा. तसंच इलेक्ट्रोड झिजत गेला की त्याच उंचीला व्होल्टेज वाढतं, म्हणजे जुन्या इलेक्ट्रोडवर जुना आकडा ठेवला तर टॉर्च नकळत खाली चालते.

आकडे हवेत म्हणून: ३ मिमी एमएसला (साधं लोखंड) ४० अँपिअर, २६०० मिमी प्रतिमिनिट, पिअर्सला ०.३ सेकंद. ६ मिमीला ५५ अँपिअर, १७००, ०.६ सेकंद. खाली जाड, हातोडीने सहज पडणारा ड्रॉस (वितळून गोठलेलं लोखंड) चिकटला तर वेग कमी आहे. बारीक, कानसीनेच निघणारी कडा आली तर वेग जास्त आहे. चालीच्या दिशेने उजवी बाजू काटकोनात येते, म्हणून बाहेरचा आकार घड्याळाच्या दिशेने कापा आणि भोकं उलट्या. भोकाला वेग ६० टक्के, आणि पत्र्याच्या जाडीच्या दीडपटीपेक्षा लहान भोक कापायच्या फंदात पडू नका. तिथे पंचाची खूण करून ड्रिल मारा. कापाची रुंदी माझ्याकडे १.७ मिमी: भरपाई न देता १०० मिमीचा चौकोन कापला तो ९८.३ आला.

यानंतर वाटलं झालं. २०२५चा पाऊस मे अखेरीलाच आला. फेब्रुवारी-मार्चच्या चाचण्यांत एक इलेक्ट्रोड अडीचशे पिअर्स चालत होता, जूनमध्ये चाळीसला मेला. मधला हाफनियमचा ठिपका खोल खड्डा होऊन गेलेला, नोझलचं भोक लांबट, काप एका बाजूला तिरका. टॉर्चपुढे कोरा कागद धरून, आर्क न पेटवता नुसती हवा सोडली: कागदावर बारीक थेंब. हा प्रयोग दर सकाळी करा, एक मिनिट लागतं.

पाणी किती, याचा हिशेब केला तेव्हा आश्चर्य संपलं. ३० अंशाला हवा घनमीटरमागे सुमारे ३० ग्रॅम बाष्प धरते. पावसाळ्यात ९० टक्के आर्द्रता, म्हणजे २७ ग्रॅम. कॉम्प्रेसर मिनिटाला २०० लिटर ओढतो, तासाला १२ घनमीटर, म्हणजे तासाला ३२४ ग्रॅम पाणी आत. ७ बारला दाबून पुन्हा ३० अंशावर आणलं की ती हवा दीड घनमीटर उरते आणि तिच्यात फक्त ४५ ग्रॅम बाष्प मावतं. उरलेलं पाव लिटरहून जास्त पाणी दर तासाला कुठेतरी पडणारच. तुम्ही जागा दिली नाही तर टॉर्चमध्ये.

किटसोबत मिळणारा बोटाएवढा फिल्टर इथे कुचकामी. मी असं केलं: कॉम्प्रेसरनंतर १० मीटर तांब्याचा पाइप भिंतीवर नागमोडी, उताराला, प्रत्येक खालच्या वळणावर ड्रेन कॉक, मग टाकी, मग रेफ्रिजरेटेड ड्रायर, जो हवा ३ अंशांच्या दवबिंदूपर्यंत आणतो, मग ५ मायक्रॉन आणि शेवटी तेल धरणारा ०.०१ मायक्रॉनचा फिल्टर. फांदी नेहमी मुख्य पाइपच्या वरच्या अंगाने काढा, खालून काढली तर साचलेलं पाणी आधी तिच्यात उतरतं. टॉर्चचा ५ बार दाब हवा वाहत असताना मोजा. बंद असताना गेज ७ दाखवतो आणि चालू झाल्यावर ३.५वर येतो, असा घोळ माझ्याकडे अरुंद होजमुळे झाला होता. ड्रायर ३४,०००, पाइप, फिल्टर आणि कन्झ्युमेबल (इलेक्ट्रोड, नोझल असे झिजणारे भाग) १४,०००. जुलैमध्ये इलेक्ट्रोड पुन्हा दोनशेच्या वर गेला.

एकूण खर्च: किट १,६२,८४०, सांगाडा आणि ट्रे १८,५००, सोर्स ६८,०००, कॉम्प्रेसर ४२,०००, ड्रायर ३४,०००, वीज ३१,०००, कार्ड ३८,०००, बाकी १४,०००. बेरीज ४,०८,३४०. ठरवलं होतं तीन लाख.

राहिला पाण्याचा ट्रे. पाणी पट्ट्यांच्या वरच्या कडेपासून ५० मिमी खाली. धूर आणि ठिणग्या बऱ्याच बसतात. पट्ट्या वेल्ड करू नका, खाचेत उभ्या ठेवा, त्या बदलाव्या लागतात. या टेबलावर ॲल्युमिनियम कापू नका: वितळलेलं ॲल्युमिनियम पाण्याशी भिडून हायड्रोजन सोडतं, तो पत्र्याखाली साचतो आणि स्फोट होतो. गॅल्वनाइज्ड पत्र्याच्या जस्ताच्या धुराने रात्री थंडी वाजून ताप येतो. शेडची दोन्ही दारं उघडी ठेवा, मास्क लावा. डोळ्यांवर ६० अँपिअरपर्यंत ६ नंबरची काळी काच.

गंजू नये म्हणून पाण्यात थोडा धुण्याचा सोडा टाकतो. उरला प्रश्न डासांचा. गणेश चवथीच्या सुट्टीत टेबल आठवडाभर बंद होतं आणि परत आल्यावर ट्रेमध्ये अळ्या वळवळत होत्या. शेजारच्यांनी गप्पी मासे सोडायला सांगितलं. सोड्याच्या आणि लोखंडाच्या गाळाच्या पाण्यात ते जगायचे नाहीत. आता चार दिवसांहून जास्त सुट्टी असली की तळाचा कॉक उघडून पाणी एका ड्रमात उतरवतो, वर झाकण लावतो, आणि काळा गाळ फावड्याने काढून पोत्यात भरतो. कॉक दोन इंची घ्या. एक इंचीतून हा गाळ जात नाही.